माचू पिचू आणि गालापागोस अठरा दिवसांत: आधी यादीतून काय खोडायचं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याचं जोडपं, वय ५८ आणि ५५. पंचवीस वर्षं गडकिल्ले फिरलेले, लेहला दोनदा जाऊन आलेले. मुंबई ते मुंबई अठरा दिवस हातात आहेत. यादीत लिमा, कुस्को, चार दिवसांचा इंका ट्रेल, रेनबो माउंटन, टिटिकाका सरोवर, ॲमेझॉनचं जंगल, किटो आणि शेवटी गालापागोसची क्रूझ. वहिनींचा डावा गुडघा उतारावर दुखतो, त्या शाकाहारी आहेत आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा त्यांना बोट लागते. भाऊंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. हे सगळं जमेल का, आणि कोणत्या क्रमाने करावं?

मी गेली चौदा वर्षं आठ-दहा जणांचे गट घेऊन पेरू आणि इक्वेडोरला जाते, बहुतेक माणसं तुमच्यासारखीच ट्रेकर. माझं उत्तर असं: जमेल आणि फार छान जमेल, पण यादीतल्या चार गोष्टी आजच खोडा. रेनबो माउंटन, टिटिकाका, ॲमेझॉन आणि किटो. या जागा कमी मोलाच्या आहेत म्हणून नाही, तुमच्याकडे त्यांना द्यायला दिवसच नाहीत म्हणून.

साधा हिशोब करू. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही. एक-दोन थांबे धरून जाताना दीड-दोन दिवस जातात, येताना तेवढेच. लिमाचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे, म्हणजे पहिले दोन दिवस रात्री दोनला जाग आणि दुपारी चारला डोळे मिटलेले. उरल्या चौदा रात्री. तुमच्या यादीप्रमाणे गेलात तर त्यातले सहा दिवस विमानतळ आणि बसमध्ये संपतील. मी असं वाटेन: लिमा १, उरुबांबा नदीचं खोरं ३, माचू पिचूच्या पायथ्याशी १, कुस्को २, ग्वायाकिलला विमान बदलण्यासाठी १, गालापागोसला बोटीवर ४ आणि सांता क्रूझ बेटावर २. आधी पेरू, मग बेटं. डोंगराची दमणूक समुद्रावर निघते, उलट क्रमात ती तशीच घरी येते.

आता उंचीबद्दल. हा भाग भाऊंनी सावकाश वाचावा.

कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तुम्ही विमानातून पाय खाली ठेवता तोच कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर, आणि आदल्या रात्री तुम्ही लिमात समुद्रकिनारी झोपलेले असता. लेहला त्रास झाला नव्हता म्हणून इथे होणार नाही, असं शरीर मानत नाही. सरावलेलं शरीर खाली आल्यावर काही आठवड्यांत ते सगळं विसरतं. गड चढण्याचा दम आणि विरळ हवा सोसण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तगड्या माणसांनाच जास्त धोका असतो, कारण ती थांबत नाहीत.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या एका गटात ६१ वर्षांचे एक काका होते, राजगड-तोरणा एका दिवसात करणारे. कुस्कोतला तिसरा दिवस होता आणि गटातल्या तिघांनी रेनबो माउंटनचा हट्ट धरला. ती जागा ५,००० मीटरच्या वर आहे. मी हो म्हटलं. वर पोहोचायच्या थोडं आधी काका गप्प झाले. मग मी त्यांना पायवाटेवर सरळ चालून दाखवायला सांगितलं, तर त्यांचा पाय दोनदा वाटेबाहेर पडला. दारू न प्यायलेला माणूस उंचीवर असा झोकांड्या देत चालायला लागला की मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण असू शकते. स्थानिक माणसाचा घोडा घेतला, गाडीत ऑक्सिजन लावला आणि न थांबता खाली खोऱ्यात आणलं. संध्याकाळी ते पोह्यांबद्दल बोलायला लागले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तो निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता. तेव्हापासून पहिल्या आठवड्यात मी कुणालाही तिथे नेत नाही.

म्हणून कुस्कोच्या विमानतळावर उतरलात की शहरात थांबू नका. गाडी करून थेट उरुबांबाच्या खोऱ्यातल्या ओयांतायतांबोला जा, दोनेक तास लागतात. ते गाव २,८०० मीटरवर आहे, म्हणजे कुस्कोपेक्षा सहाशे मीटर खाली. तीन रात्री तिथेच काढा. पुष्कळांना ठाऊक नसतं की माचू पिचू स्वतः २,४३० मीटरवरच आहे, कुस्कोच्या जवळजवळ हजार मीटर खाली. त्यामुळे खोरं, मग माचू पिचू आणि सगळ्यात शेवटी कुस्को असा क्रम लावला की शरीर आपोआप सरावतं.

उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, सहप्रवाशाकडून मागून घेऊ नका. दोन गोष्टी त्यांना आवर्जून सांगा: सल्फा औषधांची ॲलर्जी आहे का, आणि भाऊंच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का. दोन्ही मिळून पोटॅशियम खाली जाऊ शकतं. पहिल्या दिवशी हलकं जेवण, भरपूर पाणी, दारू नाही, आणि हॉटेलचा जिनासुद्धा अर्ध्या वेगाने. डोकं थोडं दुखणं, झोप तुटणं हे चालतं. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, चालताना तोल जाणं हे चालत नाही. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, खाली उतरायचं.

कोकाच्या पानांचा चहा तुम्हाला प्रत्येक हॉटेलात मिळेल. तिथे तो आपल्या गवती चहाइतका साधा आहे. पण पानं किंवा त्याच्या चहाच्या पिशव्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, आपल्याकडे कोकाचं पान अंमली पदार्थांच्या कायद्यात येतं. वहिनींना मी मुन्याचा चहा सुचवेन, पुदिन्यासारख्या वासाची डोंगरी वनस्पती आहे, पोटाला बरी.

ओयांतायतांबोचे तीन दिवस नुसते सरावासाठी समजू नका. माझ्या मते गडकोट पाहिलेल्या माणसाला पेरूमध्ये सगळ्यात जास्त बोलणारी जागा हीच आहे. गावाच्या वर पायऱ्यापायऱ्यांची शेतजमीन डोंगराला चिकटून चढत जाते आणि माथ्यावर सहा प्रचंड गुलाबी शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्या शिळांकडे पाठ करून समोर बघा. नदीच्या पलीकडे डोंगरात खूप वर जी फिकट जखम दिसते ती काचिकाता नावाची खाण. दगड तिथून निघाला, डोंगर उतरला, उरुबांबा नदी ओलांडली आणि इकडचा डोंगर चढला. इंकांकडे, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या लोकांकडे, लोखंड नव्हतं, ओढायला बैल-घोडे नव्हते आणि चाकाचा वापर नव्हता. होते ते दोरखंड, उतरणी आणि माणसं. या वाटेवर काही शिळा अर्ध्यातच पडून राहिल्या आहेत. तिथले लोक त्यांना थकलेले दगड म्हणतात. त्यातला एक गावाजवळच आहे. माझ्या गटातल्या एका गवंडीकाम केलेल्या मामांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खालच्या कडेचा खाचा दाखवून म्हणाले, "इथं दोर बसत असणार."

उरलेल्या वेळात मोरायची गोल उतरती शेती आणि मारासची मिठागरं बघा. मिठागरं समुद्रापासून इतक्या दूर, तीन हजार मीटरवर. खाऱ्या पाण्याचा एक झरा डोंगरातून येतो, हातभर रुंद पाटाने वाफ्यावाफ्यांत वळवला जातो आणि उन्हात सुकतो. हजारो वाफे आहेत आणि ते आजही गावातल्या कुटुंबांच्या ताब्यात आहेत. पिसाकचे अवशेष वेळ उरला तर.

आता तुमचा मुख्य प्रश्न, इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला नेणारी इंकांची जुनी पायवाट. चार दिवसांची वाट साधारण ४२ किलोमीटर आहे आणि तिची सगळ्यात उंच खिंड, वार्मिवान्युस्का, ४,२१५ मीटरवर आहे. रोज ५०० परवाने मिळतात, पण त्यात गाइड, स्वयंपाकी आणि हमालही मोजले जातात, त्यामुळे प्रवाशांच्या वाट्याला दोनशेच्या आसपासच येतात. मे ते ऑगस्टचे परवाने महिनोन्‌महिने आधी संपतात. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असते.

चढ तुम्हाला दोघांनाही झेपेल याची मला खात्री आहे. प्रश्न उताराचा आहे. तिसऱ्या दिवशी विन्याय वायना नावाच्या अवशेषांकडे येताना जवळपास हजार मीटर खाली उतरावं लागतं, आणि तेही असमान उंचीच्या दगडी पायऱ्यांवरून. काही पायऱ्या गुडघ्याएवढ्या, पाऊस पडला की बुळबुळीत. वहिनींचा गुडघा आत्ताच उतारावर बोलत असेल तर तिथे तो ओरडेल, आणि त्या वाटेवरून मधूनच गाडीरस्त्याला लागायची सोय नाही.

मी तुम्हाला रेल्वेमार्गावरच्या १०४ किलोमीटरच्या खुणेपासून निघणारी छोटी वाट घ्यायला सांगेन. ही दुय्यम वाट आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ओयांतायतांबोहून सकाळची आगगाडी पकडायची. मध्येच, जिथे फलाटसुद्धा नाही अशा जागी गाडी थांबते आणि मोजकी माणसं खाली उतरतात. गाडी निघून गेली की नदीचा आवाज तेवढा उरतो. झुलता पूल ओलांडून चाचाबांबाचे अवशेष लागतात आणि तिथून तीन-साडेतीन तासांची अंगावर येणारी, उघड्या उन्हातली चढण. सावली कमी, पाणी जास्त घ्या. जवळजवळ साडेपाचशे मीटर चढल्यावर विन्याय वायना दिसतं, नावाचा अर्थ सदैव तरुण. डोंगराच्या पोटात कमानीसारखी वळलेली शेतं आणि त्यांच्या कडेने एकाखाली एक उतरणारी पाण्याची कुंडं. चार दिवसांच्या वाटेवरची माणसं इथे दमून पोहोचतात. तुम्ही ताज्या डोळ्यांनी बघाल. पुढे जंगलातली जवळपास सपाट वाट, शेवटी हातांचा आधार घेऊन चढायच्या पन्नासेक उभ्या पायऱ्या, आणि मग इंती पुंकू, म्हणजे सूर्यदार. त्या दगडी उंबरठ्यावर पाय ठेवला की समोर खाली, संध्याकाळच्या उन्हात, अख्खं माचू पिचू. खालून बसने येणाऱ्याला हे मिळत नाही. इंकांनी ही वाट याच दारातून आत येण्यासाठी बांधली होती, म्हणून मी ज्याला चालता येतं त्याला चालतच आत नेते.

एकूण चाल अकरा-बारा किलोमीटर, आणि उतार फक्त सूर्यदारापासून खालचा, तीनशे मीटरचा. खाली आग्वास कालियेंतेस गावात मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर या. परवान्यात दुसऱ्या दिवसाचा प्रवेश धरलेला आहे का, आणि तो कोणत्या वाटेचा, हे एजंटकडून लेखी घ्या. माचू पिचूमध्ये आता ठरवून दिलेल्या मार्गांवरूनच, एकाच दिशेने फिरता येतं. तिकिटावर वेळ, मार्ग आणि पासपोर्टचा क्रमांक असतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाचा मार्ग घ्यायला मी सांगते, त्यात वरचं दृश्यही आहे आणि आतली वस्तीही. आत स्वच्छतागृह नाही, बाहेरच उरकून जा. परवाना काढल्यावर पासपोर्टचं नूतनीकरण केलंत तर जुना पासपोर्टही बरोबर ठेवा.

आत गेल्यावर लामांचे फोटो काढाच, पण त्याआधी तुम्ही गडावर जे करता तेच करा: पाणी शोधा. आपण रायगडावर गेलो की टाकी, तलाव, पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते बघतो. इथे डोंगरावरच्या झऱ्यातून दगडी पाटाने पाणी आणलं आहे आणि ते सोळा कुंडांतून एकाखाली एक उतरतं. पहिलं कुंड राजाच्या निवासाजवळ, म्हणजे सगळ्यात स्वच्छ पाणी त्याला. पण खरी कमाल आहे ती नको असलेल्या पाण्याची. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शहर दोन शिखरांमधल्या खोगिरावर, भेगाळलेल्या कड्यावर बसलंय. पाणी मुरून राहिलं असतं तर सगळं केव्हाच दरीत गेलं असतं. म्हणून भिंतींतून, पायऱ्यांच्या कडेने, चौकांच्या खालून पाणी बाहेर काढणाऱ्या सव्वाशेहून अधिक मोऱ्या ठेवल्या आहेत. शेतांच्या पायऱ्या उकरून पाहिल्या तेव्हा तळाशी मोठे दगड, वर खडी, मग वाळू आणि सगळ्यात वर शेतीची माती असे थर निघाले. माती वरवर दिसते तेवढीच, खाली सगळा निचरा. एखाद्या भिंतीच्या बुडाशी मुठीएवढं चौकोनी भोक दिसलं की तिथे वाका आणि बघा. सह्याद्रीतल्या पावसात गडाच्या तटाचं काय होतं ते पाहिलेल्या माणसाला त्या भोकाची किंमत कळते.

गाइड तुम्हाला "हरवलेलं शहर" सांगेल. १९११ च्या जुलैमध्ये हायरम बिंगम हा अमेरिकी संशोधक इथे पोहोचला तेव्हा इथे शेतकरी कुटुंबं राहत होती, इंकांच्या त्याच पायऱ्यांवर पीक घेत होती. त्याला आत फिरवणारा एक लहान मुलगा होता. आणि त्याच्या नऊ वर्षं आधी, १९०२ मध्ये, आगुस्तिन लिसारागा नावाचा स्थानिक जमीनदार इथल्या भिंतीवर आपलं नाव लिहून गेला होता. बिंगमने जगाला दाखवलं हे खरं, पण हरवलं होतं ते बाहेरच्यांसाठी. त्याने नेलेल्या वस्तू येल विद्यापीठाने शंभर वर्षांनी परत केल्या, त्या कुस्कोतल्या कासा कोंचा संग्रहालयात आहेत. तिथे गर्दी नसते. अवश्य जा.

कुस्कोत दोन रात्री. कोरिकांचा बघा: इंकांचं सूर्यमंदिर, त्याच्या भिंतींवर स्पॅनिशांनी बांधलेला सांतो दोमिंगोचा मठ. १९५० च्या भूकंपात वरचं चर्च मोठ्या प्रमाणावर कोसळलं आणि खालच्या इंका भिंती उभ्या राहिल्या. भिंती आत झुकलेल्या, दारं-कोनाडे वर निमुळते, सांध्यात चुना नाही. हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड सगळे दाखवतात. गर्दी सरकली की त्याच्या शेजारचे साधे दगडही बघा, सांध्यात नख जात नाही. हात लावू नका, पहारेकरी असतो.

वहिनींच्या जेवणाची काळजी करू नका. बटाटा मुळात या डोंगरांचाच आणि इथे त्याच्या हजारो जाती आहेत. किन्वाचं सूप, चीज घातलेलं उकडलेलं मक्याचं कणीस, लिमा बीन्स, ॲव्होकाडो सगळीकडे मिळतं. फसगत होते ती सूपात. "भाजीचं सूप" म्हणून येतं आणि ते कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं. म्हणून "सिन कार्ने" एवढ्यावर थांबू नका, "सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो" असंही सांगा, म्हणजे कोंबडी नको आणि तिचं पाणीही नको. आणि सान पेद्रो बाजारात किविचाच्या वड्या घ्या. किविचा म्हणजे राजगिऱ्याचाच भाऊबंद, फुलवून मधात थापलेला. एकादशीला चालेल का, असं माझ्या गटातल्या एका आजींनी विचारलं होतं, आणि त्यांनी त्या दिवशी त्याच खाल्ल्या.

आता बेटं. कुस्को, लिमा, ग्वायाकिल अशी विमानं. किटो मी मुद्दाम टाळते, तेही २,८५० मीटरवर आहे आणि तुम्हाला आता खाली राहायचंय. गालापागोस इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून जवळपास हजार किलोमीटर आत समुद्रात आहे. जमिनीचा ९७ टक्के भाग राष्ट्रीय उद्यान. प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढाला २०० डॉलर आहे आणि वर २० डॉलरचं नियंत्रणपत्र विमानात बसण्याआधीच घ्यावं लागतं. रोख डॉलर जवळ ठेवा, सुट्ट्या नोटा. इक्वेडोरचं स्वतःचं चलनच डॉलर आहे.

सामानाची तपासणी इथे कडक असते आणि ती मनापासून मान्य करा. बिया, कच्चं धान्य, ताजी फळं, मिरच्या, कढीपत्ता काही नेऊ नका. माझ्या गटात एकदा मोड आणायला आणलेले मूग निघाले होते. बेटांवर बाहेरून आलेल्या एका रोपाने किंवा प्राण्याने काय होतं याची किंमत तिथे मोजली गेली आहे. जहाजांवरून आलेल्या शेळ्यांनी कासवांचं अन्न फस्त केलं. इसाबेला आणि शेजारच्या बेटांवर ते थांबवायला जवळपास दीड लाख शेळ्या माराव्या लागल्या. एस्पान्योला बेटावर तर महाकाय कासवांच्या १२ माद्या आणि २ नर एवढेच उरले होते. सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा तिसरा नर आणला, सांता क्रूझवरच्या केंद्रात पैदास झाली, आणि २०२० मध्ये दिएगोसकट त्या मूळ पंधरा कासवांना त्यांच्या बेटावर परत सोडलं. मधल्या काळात जवळपास दोन हजार पिल्लं तिथे गेली होती. सांता क्रूझच्या त्या केंद्रात मुठीएवढी पिल्लं पाठीवर रंगाने आकडा लिहून फिरताना दिसतात. मी दरवेळी तिथे तास काढते.

बोट की बेटावर हॉटेल? वहिनींना बोट लागते म्हणून बहुतेक लोक हॉटेल सुचवतील. मी उलट सांगते. हॉटेलवर राहिलात तर एका बेटावरून दुसऱ्यावर जायला स्पीडबोट, दोन-दोन तास लाटांवर आपटत. बोट लागणाऱ्याला त्याहून वाईट काही नाही. सोळा जणांचं कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, मात्र रुंद असतं आणि मोठे टप्पे रात्री, तुम्ही झोपेत असताना कापतं. खालच्या मजल्यावरची, मधली केबिन मागा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. गोळी लाटा सुरू झाल्यावर नाही, तासभर आधी घ्यायची. कोणती ते डॉक्टरांना विचारा, कारण बहुतेकांनी झोप येते.

आणि जमलं तर मे महिना धरा. पेरूच्या डोंगरात पाऊस थांबलेला असतो आणि उतार अजून हिरवे असतात. गालापागोसचा समुद्र ऑगस्ट-सप्टेंबरइतका खवळलेला नसतो. पाणी मात्र कोकणातल्यासारखं कोमट समजू नका, पोहताना वेटसूट घ्या. मे म्हणण्याचं खरं कारण एस्पान्योला. वेव्ह्ड अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी जगात जवळजवळ फक्त याच बेटावर घरटी करतो आणि एप्रिल ते डिसेंबर एवढाच काळ तिथे असतो. एका ठिकाणी चौदा दिवसांत दुसऱ्यांदा जायला बोटींना परवानगी नाही, त्यामुळे प्रत्येक बोटीचे दोन मार्ग असतात, एक आठवडा हा, पुढचा तो. पैसे भरण्याआधी तुमच्या तारखांच्या मार्गात एस्पान्योला आहे का ते विचारा.

तिथल्या पुन्ता सुआरेझला पायवाट काळ्या गोट्यांतून जाते. चालायची काठी घ्या. वाटेवर समुद्री इग्वाना एकमेकांवर ढिगाने पडलेले असतात, मधूनच फिस्स करून नाकातून पाण्याचा फवारा सोडतात. समुद्रात चरताना पोटात गेलेलं मीठ ते असं बाहेर टाकतात, म्हणून त्यांच्या डोक्यावर पांढरा थर दिसतो. एल निनोच्या वर्षी पाणी तापून शेवाळ संपलं की हे इग्वाना नुसते रोडावत नाहीत, लांबीलाही आखूड होतात, आणि अन्न आलं की पुन्हा वाढतात. पुढे कड्याच्या वर अल्बाट्रॉसची जोडी समोरासमोर उभी असते. चोच चोचीवर घासायची, मग टक टक टक वाजवायची, मान वर करून आकाशाकडे बघायचं, मग बदकासारखं डुलत एक फेरी, पुन्हा पहिल्यापासून. हे दोन मीटरवर चाललेलं असतं आणि तुम्ही त्यांच्या खिजगणतीतही नसता. दोन मीटर अंतर राखायचा नियम आहे. प्राणी जवळ आला तर तुम्ही मागे सरकायचं. घाबरणं हे या प्राण्यांना माहीत नाही, ते आपण त्यांना शिकवायचं नाही.

शेवटच्या दोन रात्री पुएर्तो आयोरा गावात. दुपारी मासळीबाजाराच्या कट्ट्यावर जा. मासे कापणाऱ्या बाईच्या मागे सी लायन शिस्तीत उभा असतो आणि पेलिकन रांग मोडून पुढे घुसतात. वरच्या हिरव्या भागात मोकळी फिरणारी महाकाय कासवं बघायला अर्धा दिवस ठेवा.

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण तिथे चूक झाली तर परतीला अडकाल. पेरू आणि इक्वेडोर दोन्ही पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. तिथून भारतात येताना लसीचा दाखला नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या आसपास या लसीचे दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून भाऊंनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्हिसाचे नियम दोन्ही देशांचे वेगवेगळे आहेत, अमेरिका किंवा शेंगेनचा दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर पेरूला सवलत मिळते. ते दूतावासाकडून ताजं तपासून घ्या.

आरक्षणाचा क्रम: आधी १०४ किलोमीटरच्या खुणेपासूनच्या त्या छोट्या वाटेचा परवाना, मग बोट, मग पेरूतली विमानं, सगळ्यात शेवटी मुंबईचं तिकीट. उलट केलंत तर तारखा जुळत नाहीत.

आणि वहिनी, तुम्ही आजपासून आठवड्यातून दोनदा अजिंक्यतारा चढू नका, उतरा. वर गाडीने जा, खाली पायी या, दोन्ही हातांत काठ्या घेऊन, उतरताना काठी पायाच्या आधी खाली टेकवत. काठ्यांना रबरी टोपणं आत्ताच बसवून घ्या, धातूचं टोक असेल तर माचू पिचूच्या दारात काठी ठेवून जावी लागते. महिनाभराने गुडघा काय म्हणतो ते कळवा, त्यावरून सूर्यदाराखालच्या त्या तीनशे मीटरचं बघू.